सहावा रकाना

सीबीएसच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर
आमचं लॉज. अकरा खोल्या.
मालक आठवड्यातून एकदा येतो, गल्ला मोजतो, जातो.
रजिस्टरला सात रकाने.
सहावा : येण्याचं प्रयोजन.

बावीस वर्षं मी तो भरून घेतोय.
देवदर्शन. देवदर्शन. लग्न. कोर्टाची तारीख.
त्र्यंबकला पूजा, कसली ते विचारायचं नसतं.
अस्थी हा शब्द कुणी लिहीत नाही.
लिहितात, घरगुती काम,
आणि लाल फडक्यात बांधलेलं ते
खोलीत न्यायचं का, हे डोळ्यांनी विचारतात.
मी जिन्याखालच्या खिळ्याकडे बोट दाखवतो.

अलीकडे पोरं येतात ठाण्याहून, गंगापूर धरणाकडच्या वायनरी बघायला.
एकानं सहाव्या रकान्यात लिहिलं, चिल.
तपासणीला आलेला हवालदार म्हणाला,
हे कोणत्या तालुक्यात?

सगळ्यांना मी तेच सांगतो :
सकाळी रामकुंड, मग काळाराम, मग तपोवन,
मिसळ खा, पापड मागावा लागत नाही,
रिक्षा आमच्या शकीलचीच घ्या.
शकील मला फेरीमागे तीस रुपये देतो.
पांडवलेण्यांना पायऱ्या आहेत, गुडघे धड असतील तर जा.
मी स्वतः गेलेलो नाही.
सिडकोतून कामावर येताना डोंगर दिसतो रोज.
घरातल्या माणसाचे तळहात कोण बघतं?

मागच्या माघात एक बाई आल्या.
शैलजा अंबुलगेकर, उदगीर, वय एकसष्ट, एकट्या.
सहावा रकाना कोरा.
म्हटलं, मॅडम, काहीतरी लिहावं लागतं.
त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं,
सहज.

तीन दिवसांत माझ्या यादीतलं त्यांनी काहीच पाहिलं नाही.
बुधवारी गंगेवरच्या बाजारातून विळा आणला.
उदगीरला विळे मिळत नाहीत का? मिळतात.
एक अख्खी दुपार मेनरोडला
चपला शिवणाऱ्यापाशी बसून काढली.
द्वारकेचा चौक ओलांडायला अकरा मिनिटं लागली, हे घड्याळ लावून मोजलं
आणि मला हसत हसत सांगितलं,
जणू ती गर्दी आम्ही त्यांच्याचसाठी मांडली होती.

जाताना विचारलं : सुट्टीला तुम्ही कुठं जाता हो?
म्हटलं, झोपतो.

परवा सोमवारी झोप येईना.
चालत गंगेवर गेलो.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचा गाळ वाळलेला,
पायाशी एक कुटुंब, त्यांची काठीवरची मोबाईलची कसरत.
दहा पावलांत चौघांनी मला गाठलं.
काका, पूजा? काका, रूम पाहिजे? स्वस्तात?
गाव कोणतं तुमचं? कुठून आलात?

कुठून म्हणजे, सटाण्याकडून.
पत्र्याची पेटी घेऊन, याच लॉजवर उतरलो होतो.
कपाटातल्या जुन्या रजिस्टरात असेल अजून, वाळवीनं ठेवली असेल तर,
माझी ओळ : खैरनार. प्रयोजन, नोकरीचा शोध.
मुक्काम, दोन दिवस.

साहेब, आठ ठिकाणं, सातशे रुपये!
रिक्षाच्या पाठीवर रंगवलेला मोर शकीलचा,
हँडलवर त्याचा धाकटा.
त्यानं ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही.
पाचशे म्हटलं, साडेपाचशेला बसलो.

वाटेत पोरगा माहिती देत होता,
अर्धी खरी, अर्धी रंगवलेली.
रंगवलेली मीच त्याच्या बापाला शिकवलेली,
शब्दसुद्धा तेच, फक्त माझ्यापेक्षा बरी म्हणत होता.

लेण्यांच्या पायऱ्यांवर दोनदा बसलो.
वरून शहर पाहिलं : पाण्याच्या टाक्या, निळी ताडपत्री,
हायवेवर मुंगीसारखे ट्रक.
आमचं लॉज शोधलं, सापडलं नाही.

खाली पोरगा चहा पीत उभा होता.
काका, नाशिकला पहिल्यांदाच?
हो म्हटलं.
काही काम होतं का?